आरशासारखें चाक

मनुष्यास चकाकणाऱ्या वस्तूंची आवड उपजतच आहे. तान्हें मूल दिव्याकडे टक लावून पाहतें, गृहिणी दिवाळीच्या आधीं समया व तांब्याचे हंडे घासावयास काढते, आणि एरव्हीं आळशी म्हणून प्रसिद्ध असलेला विद्यार्थीही बक्षिससमारंभाच्या दिवशीं बुटांस दोनदां ब्रश मारतो. या आवडीस आम्हीही अपवाद नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या बंधूंनीं एक जुनी मोटार विकत घेतली. तिचीं चारही ॲल्युमिनियमचीं चाकें निस्तेज झालीं होतीं. तीं आरशासारखीं करण्याचा उद्योग दिवाळीच्या सुटींत आम्हीं आरंभिला. त्या वेळीं ही चकाकी कशी येते, आणि आल्यावर आपणांकडून काय मागते, हें जवळून पाहावयास मिळालें. तेंच येथें थोडक्यांत सांगावें असा विचार आहे.

ॲल्युमिनियम हा आज स्वयंपाकघरांतील पातेल्यापर्यंत येऊन पोहोंचलेला धातु असला, तरी एके काळीं तो मोठ्या तोऱ्यांत होता. १८८४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्मारकाच्या टोंकावर या धातूचें लहानसें शिखर बसविलें, तेव्हां त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. पुढें दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्सांत पॉल एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साह्यानें हा धातु वेगळा करण्याची एकच युक्ति शोधून काढली. दोघांचाही जन्म १८६३ सालचा. म्हणजे वयानें ते आपल्या शाळेंतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांहून फारसे मोठे नव्हते. हॉलचे आईवडील कांहीं वर्षें जमेकांत मिशनरी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. धातु स्वस्त झाला, आणि मग मोटारींकडेही वळला. १९२४ सालीं बुगाटी यांच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीस ओतीव ॲल्युमिनियमचीं चाकें होतीं. आज तशीं चाकें गल्लोगल्लीं दिसतात.

हें चाक निव्वळ ॲल्युमिनियमचें नसतें. ओतीव चाकांत बहुधा शेंकडा ७ च्या सुमारास सिलिकॉन व किंचित् मॅग्नेशियम मिसळलेलें असतें. वर कारखान्यांत पारदर्शक रोगणाचा थर चढवितात. दगड लागून त्या थरास एखादी चीर पडली, कीं आमच्या समुद्रकांठच्या गांवची खारी हवा तींतून आंत शिरते, आणि रोगणाखालीं बारीक किड्यांनीं वाटा कोराव्या तशा पांढुरक्या रेघा पसरत जातात. बंधूंच्या चाकांची हीच दशा झालेली होती.

गांवांत पॉलिश करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. सारे त्यांस चाचा म्हणतात. त्यांच्या दुकानीं चाकें नेलीं. चाचांनीं प्रथम तीं पालथीं करून पाहिलीं. चाकावर क्रोमचा मुलामा असेल, तर त्यास घासकागद लावावयाचा नाहीं. मुलामाच निघून जातो. आमचीं चाकें तशीं नव्हतीं. मग टायर उतरविले, साबणाच्या पाण्यानें ब्रेकची काळी भुकटी धुऊन काढली, आणि रोगण उतरविणारें औषध हातमोजे घालून, उघड्या हवेंत लाविलें. थोड्या वेळानें रोगणास सुरकुत्या पडल्या, व तें सापाच्या कातेसारखें सुटून आलें. खालीं जो धातु दिसला, तो पाहून बंधूंचा चेहरा उतरला. चकाकी तर नाहींच. उलट ओरखडे, डाग व खळगे यांचा बाजार!

येथून खरें काम सुरू झालें. घासकागदास नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. चाचांनीं ३२० पासून आरंभ केला. पुढें ४००, ६००, ८००, १०००, १५०० व शेवटीं २०००. कागद पाण्यांत भिजवून घासावयाचा, म्हणजे निघालेली भुकटी वाहून जाते. प्रत्येक नव्या कागदाचा हात आधींच्या हाताशीं आडवा चालवावयाचा. असें केल्यानें मागील कागदाच्या रेघा उभ्या व नव्या आडव्या दिसतात, आणि उभी एकही रेघ उरली नाहीं, म्हणजे पुढें जाण्यास हरकत नाहीं असें समजतें. थोडक्यांत सांगावयाचें, तर या कामांत कोणी चकाकी लावीत नाहीं. मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागीं लहान ओरखडे घालीत जातात. ४०० नंबरच्या कागदाचा कण सुमारें ३५ मायक्रॉनचा व २००० चा सुमारें १० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाशाची लहर तर एका मायक्रॉनाहूनही आंखूड असते. ओरखडे तिच्या मानानें मोठे असेपर्यंत प्रकाश वाटेल तसा विखुरतो, आणि चाक अंधुक दिसतें. ते तिच्याहून फारच उथळ झाले, म्हणजे प्रकाश शिस्तीनें परततो, आणि धातूंत आपलें तोंड दिसूं लागतें.

तिसऱ्या चाकाच्या वेळीं एक गोष्ट घडली. १५०० चा कागद चालू असतां चाचा एकाएकीं थांबले, चाक उन्हांत तिरपें धरलें, आणि काड्यांच्या मुळाशीं बोट ठेविलें. तेथें ४०० नंबरची केसाएवढी रेघ राहिली होती. चाचा मुकाट्यानें परत ४०० च्या कागदाकडे वळले. बंधूंस घाई होती. ते म्हणाले, “राहूं द्या, चाचा. रस्त्यांत कोण वाकून पाहणार आहे?” चाचा उत्तरले, “कोणी पाहणार नाहीं, साहेब. पण बफ फिरला, कीं हीच रेघ आधीं दिसेल. चाक जितकें चकाकेल, तितकी ती जास्त दिसेल.” तेवढ्या एका रेघेसाठीं त्यांचा दीड तास गेला. मजुरी ठरलेली होती. त्या दीड तासाचा एक पैसाही त्यांस अधिक मिळावयाचा नव्हता.

मग सुती कापडाचा बफ यंत्रावर चढविला. त्यास प्रथम तपकिरी व नंतर पांढरी, अशा मेणासारख्या वड्या लावून चाक फिरवून फिरवून उजळलें. पांढऱ्या वडींत ॲल्युमिनियमचेंच भस्म, म्हणजे त्याचा प्राणवायूशीं झालेला संयोग, असतो. माणीक व नील हीं रत्नें मूळचीं याच पदार्थाचीं, म्हणूनच तो इतका कठीण. धातूस त्याच्याच भस्मानें उजळावें, यांत मोठी मौज आहे.

काचेचे आरसे येण्यापूर्वीं जगांत धातूचे आरसे होते. बायबलांतील निर्गम ग्रंथांत स्त्रियांच्या आरशांपासून पितळेचें गंगाळ केल्याचा उल्लेख आहे, आणि केरळांत आरन्मुळा येथें तांबें व कथील यांच्या मिश्रणाचे आरसे आजही हातानें घासून तयार करितात. चाचांचें काम याच जुन्या कुळांतलें आहे.

परंतु या चकाकीमागें काय असतें, तेंही सांगितलें पाहिजे. बफाखालून निघणारी धूळ नाकातोंडांत जाते. धातूची ही बारीक भुकटी कोरडी सांचली व ठिणगी पडली, तर पेटही घेते. चाचांनीं आम्हांस तोंडास पट्टी व डोळ्यांस चष्मा लावल्याखेरीज यंत्रापाशीं उभें राहूं दिलें नाहीं. त्यांच्या तरुणपणीं त्यांस असें बजावणारा कोणी नव्हता. त्यांचा खोकला काम चालू असतां ऐकूं येत नसे. यंत्र बंद झालें, म्हणजे ऐकूं येई. मोटार पाहून लोक बंधूंची वाखाणणी करितात. चकचकीत वस्तु पाहून मालकाची स्तुति करण्यापूर्वीं ती घासणाऱ्या हातांची आठवण करावी, असें तेव्हांपासून आम्हांस वाटूं लागलें आहे.

चाकें परत देतांना चाचांनीं एक प्रश्न विचारिला: पुन्हां रोगण चढवावयाचें, कीं उघडींच ठेवावयाचीं? रोगणानें राखण होते, पण चकाकी थोडी मंदावते, आणि इतक्या गुळगुळीत पृष्ठावर रोगण नीट धरतही नाहीं. उघड्या धातूवर हवेनें आपोआप एक अदृश्य पापुद्रा धरतो व तो त्याचें पुष्कळसें रक्षण करितो. परंतु खारी हवा व रस्त्यांतील चिखल यांपुढें तो पुरा पडत नाहीं. उघडें ठेवावयाचें, तर वरचेवर धुऊन, मऊ फडक्यानें पुसून, मेण लावलेंच पाहिजे. घरांतील तांब्यापितळेस चालणारी चिंच किंवा चुलीची राख येथें चालावयाची नाहीं. आंबट व खार दोन्ही ॲल्युमिनियमचे वैरी आहेत.

बंधूंनीं विचार करून चाकें उघडीं ठेविलीं, आणि घरीं येऊन त्यांची वांटणी केली. एक त्यांचें, एक वहिनींचें, एक चिरंजीवांचें व एक आमचें. तेव्हांपासून दर रविवारीं प्रार्थनेहून परतल्यावर चौघे चार चाकांपाशीं बसतों. दोन पावसाळे होऊन गेले. चाकांत अद्याप तोंड दिसतें. चिरंजीवांचें चाक सर्वांत उजळ आहे, हें आम्ही येथें मुद्दाम लिहून ठेवितों, कारण हा अंक ते वाचणार आहेत. बालमित्रांनो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत जागून मिळविलेली चकाकीही खोटी नसते. मात्र परीक्षा संपल्यावर तिला रोज कोण पुसणार, हें आधींच ठरवून ठेवावें.