उरलेल्याचा हिशेब

बदलीच्या नोकरीत मुलांचे गणित सर्वांत आधी बिघडते, असा आम्हां बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांचा अनुभव आहे. बोलभाषा मुले खेळता खेळता उचलतात. बीजगणिताचे तसे नाही. माझी कन्या नागपुरास 'अपूर्णांक', 'छेद' आणि 'चल' शिकली. प्रयागराजला आल्यावर त्यांचे 'भिन्न', 'हर' आणि 'चर' झाले; लसाविला 'लघुतम समापवर्त्य' म्हणावे लागले. नावे परकी झाली, तशी ओळखीची समीकरणेही तिला परकी वाटू लागली.

तेव्हा मी तिच्यापुढे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील एक उदाहरण ठेवले. ग्रंथ इ. स. ११५० चा, पण उदाहरणातली वाट आमच्या दारावरूनच जाणारी. कोणी यात्रिक आपले निम्मे द्रव्य प्रयागास देतो, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस. मग जे उरते त्याचा चतुर्थांश वाटेवरच्या जकातीत जातो आणि त्यानंतरच्या शिलकेचे सहा दशांश गयेस. ६३ निष्क घेऊन तो घरी परततो. तर निघताना त्याच्याजवळ किती होते?

कन्येने मूळ द्रव्य 'क्ष' मानले आणि चारही अपूर्णांक क्षचेच धरून त्यांची बेरीज केली. छेद १८०, अंश २८३! "बाबा, हा तर कर्जबाजारी झाला," ती म्हणाली.

"'उरलेल्याचे' हा शब्द पुन्हा वाच," मी म्हटले.

मग तिने दिलेले सोडून राहिलेले मांडले. प्रथम निम्मे, त्याचे सात नवमांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचे चार दशांश. गुणाकार आला ७/६०. म्हणजे क्षचे ७/६० बरोबर ६३. दोन्ही बाजूंना ६० ने गुणताच छेद गेला; ७क्ष = ३७८०, म्हणून क्ष = ५४०. ताळाही जमला: २७०, ६०, साडेबावन्न, साडेचौऱ्याण्णव आणि शिल्लक ६३.

तिची वही मिटली, तरी ते २८३ माझ्या मनातून जाईनात. आम्हीही आपल्या बदल्यांचा हिशेब असाच मांडत असतो. एका गावाने मित्र नेले, दुसऱ्याने मुलांची भाषा. आईच्या अखेरच्या आजारात मी शेकडो कोसांवर होतो, तेही एका बदलीच्याच खाती. प्रत्येक वजाबाकी आम्ही संपूर्ण आयुष्यातून करतो आणि बेरीज एकाच्या पलीकडे जाते. वास्तविक प्रत्येक गावाने उरलेल्याचाच अंश नेला. उरलेल्याचा अंश कितीही मोठा असो, तो पूर्ण एक होत नाही तोवर काही ना काही हाती राहतेच.

हे समाधान फार मोठे नव्हे. ५४० चे ६३ झाले, हे खरेच आहे. पण त्या यात्रिकाच्या चार वजाबाक्यांपैकी तीन दाने होती आणि जकात एकच. समीकरण त्यांत भेद करीत नाही. आपण कोणत्या गावी काय दिले आणि कोठे आपल्याकडून वसूल झाले, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.