डालगं आणि एकवीस दिवस

काशीमिरा नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, चहूकडे टॉवर चढले, तरी काशीगावातल्या आमच्या परसात खुराडं आहे. आजी गेली तसं ते माझ्याकडे आलं.

तीन वर्षांपूर्वी गटारी झाली आणि खुराडं निम्मं झालं. मी बाजारातून चार तलंगा आणल्या नि त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या. आमची थोरली कोंबडी काळी. तिने मान ताठ केली आणि पहिल्याच तलंगेचा तुरा चोचीत धरला. रक्त दिसताच बाकीच्याही तुटून पडल्या. तलंगेला सोडवून जखमेवर हळद दाबली. वाटलं, एवढ्यावर निभावलं.

आठव्या दिवशी एक तलंग कोपऱ्यात मान वाकडी करून बसली. हिरवट हगवण लागली होती. मानमोडी, म्हणजे राणीखेत. पंधरवड्यात काळी आणि आणखी एक कोंबडी, एवढ्याच उरल्या. डॉक्टर म्हणाले, "आणल्या तेव्हाच रोग अंगात असणार. लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस लागतात. एवढी घाई कशाला केलीत?"

आजी नवी कोंबडी आणली की आठवडाभर परसातच डालग्याखाली ठेवायची. बाहेरच्या कोंबड्या फेऱ्या मारून तिला बघून घ्यायच्या. त्याने भांडण कमी व्हायचं, रोग मात्र डालग्याच्या फटींतून सहज जाऊ शकतो, हे मला त्या पंधरवड्यात कळलं.

खुराडं खरवडून चुना मारला. शेजारच्या कोंबड्याच्या कृपेने काळीच्याच पिल्लांनी ते पुन्हा भरलं. गेल्या हिवाळ्यात वसईच्या मावसबहिणीकडून चार तलंगा आणल्या. आधी लसीचं विचारून घेतलं : पहिल्या आठवड्यात लासोटा, दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी. मग एकवीस दिवस त्यांना न्हाणीघरामागे, खुराड्यापासून लांब ठेवलं. पाण्याचं भांडं वेगळं, तिथे जायची चप्पलही वेगळी. दाणे रोज आधी जुन्यांना, मग नव्यांना. त्यानंतरच आजीचं डालगं परसात आलं. काळीने पहिल्या दिवशी डालग्यावर टोचे मारले, चौथ्या दिवशी त्याच्याच सावलीत बसून पंख खाजवले.

आठव्या रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, चारही जणींना एकेक करून त्यांच्यात नेऊन बसवलं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे भांडणही होत नाही. उजाडायच्या आत उठून कणी दोन ठिकाणी टाकली आणि लपायला एक फळी भिंतीला तिरकी लावून ठेवली. टोचाटोची झालीच. ती होणारच, कोंबड्यांत कोण वरचढ नि कोण दुय्यम याची उतरंड असते, हे थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने १९२१च्या सुमारास मांडलं होतं. रक्त निघत नव्हतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. दहाव्या दिवशी सगळ्या एकाच ढिगाऱ्यावर उकरत होत्या.

एकटी कोंबडी आणू नका, सगळा मार तिच्यावरच पडतो. आणि तीन आठवडे वेगळं ठेवायला घरात दुसरा कोपरा नसेल, तर नवी कोंबडी आणूच नका.