परतीची वेळ आधी ठरवा

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसांपुढे डोंगराचे नाव काढले की त्यांना नागद्वारी आठवते. नागपंचमीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत पचमढीच्या जंगलातली ती वाट उघडते. मग विदर्भातून आणि आमच्या भागातून गावेच्या गावे निघतात. माझ्या बाबांनी ही यात्रा कितीतरी वेळा केली आहे. त्यामुळे आमच्या बेळगावच्या घरी या डिसेंबरात कुमार पर्वत चढायचा बेत निघाला, तेव्हा सर्वांत आधी "मीही येतो" असा फोन आला तो सौंसरहून. बाबांचे वय ६८. डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

बाबांना ओढ लागली ती नावांमुळे. कुमार पर्वताच्या पायथ्याशी कुक्के सुब्रह्मण्य आहे, आणि तिथला सुब्रह्मण्य नागांचा रक्षक म्हणून पूजला जातो. शिखराच्या अलीकडच्या डोंगराचे नाव शेषपर्वत. "म्हणजे नागाचेच ठिकाण," बाबा म्हणाले. आपल्याकडे चंपाषष्ठीला जेजुरीत खंडोबाचा उत्सव असतो, त्याच दिवसांत कुक्केला रथ निघतो. त्या गर्दीचे दिवस आम्ही मुद्दाम टाळले आहेत.

पण हा डोंगर सोपा नाही. उंची १,७१२ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाईपेक्षा ६६ मीटर जास्त. कुक्के मात्र किनाऱ्याकडच्या सखल भागात आहे, त्यामुळे चढ दीड हजार मीटरहून अधिक पडतो. जाऊन-येऊन पंचवीसएक किलोमीटर चाल. सुरुवातीला दाट जंगलातली उभी वाट, मग गिरिगद्देचे भट्टर मने आणि वनखात्याची चौकी. तिथून पुढे गवताळ कडे, डोक्यावर ऊन आणि सावली जवळजवळ नाहीच. कल्लु मंटप गाठले तरी शेषपर्वत आणि शिखर उरतेच.

नागद्वारीत चढ-उतार आळीपाळीने येतात, पावसाळा असतो, पाणी जागोजागी मिळते आणि मंडळे जेवू घालतात. इथे आधी सगळा चढ आणि मग सगळा उतार. गुडघ्याची परीक्षा उतारावर असते, हे बाबांनाही ठाऊक आहे.

जावयाने सासऱ्यांना "येऊ नका" कसे म्हणायचे? ह्यांनी वेळेचा हिशेब मांडून पाहिला. "मावा, शिखरावर मुक्काम करू देत नाहीत. अंधाराआधी खाली यायलाच हवे." बाबांचे उत्तर तयार होते, "दर्शनाला निघालेला माणूस अर्ध्यावरून फिरत नाही." दोन दिवस घरात कोणी डोंगराचे नाव काढले नाही. आमचा पंधरा वर्षांचा मुलगा तेवढा हिरमुसला होता. त्याला वर जायचे होते, आणि आबांनाही न्यायचे होते.

शेवटी मी बाबांनाच विचारले, "तुमच्या मंडळात सर्वांत पुढे कोण चालायचे?"

"जो सर्वांत हळू, तो. त्याला मागे ठेवला तर तो धापा टाकत पोहोचतो, आणि तेवढ्यात पुढचे विश्रांती आटोपून उठलेले असतात. त्याला विसावा मिळतच नाही."

"आणि एखाद्याला नाहीच झेपले तर?"

"मग एकजण त्याच्याजवळ थांबायचा. एकट्याला सोडायचे नाही."

आमचा सगळा बेत या दोन उत्तरांवर उभा राहिला. उजाडताच निघायचे, बाबांना पुढे ठेवून. भट्टर मनेला थांबून गुडघ्याचे ऐकायचे. तो नको म्हणाला तर बाबा आणि मी तिथेच थांबू, बाकीचे पुढे जातील. दुपारी साडेबारा वाजता जो जिथे असेल तिथून फिरेल, शिखर समोर दिसत असले तरीही. हा शेवटचा नियम सर्वांसाठी आहे, मुलासाठी तर जास्तच. ही वेळ घरी, पंख्याखाली बसून ठरवायची असते. वर गेल्यावर "अजून थोडेच राहिले" हेच प्रत्येकाला खरे वाटते.

तुमच्याही घरी असा बेत असेल तर गाडीची तिकिटे काढण्याआधी कर्नाटक वनखात्याची परवानगी पाहा. २०२४ पासून तिची नोंदणी ऑनलाइन आहे आणि रोजची माणसे मोजकी ठेवतात. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाट बंद असते. पावसात निसरडे आणि जळवा. ओळखपत्र प्रत्येकाचे वेगळे हवे. पाणी माणशी तीन लिटर. वरच्या झऱ्याच्या भरवशावर राहू नये.

तयारी सुरू आहे. आम्ही दर रविवारी पाठीवर ओझे घेऊन राजहंसगड चढतो. बाबा सौंसरला गच्चीचा जिना सकाळी दहादा चढतात-उतरतात आणि फोनवर आकडा सांगतात. आई तिकडून संत्री पाठवणार आहे. तहानेला त्यासारखे काही नाही, मात्र साली परत आणायच्या. सासूबाई अवलक्की, गूळ-शेंगदाणे आणि दशम्या बांधून देणार आहेत. "निधान होगि बर्रि," त्या रोज एकदा बजावतात. सावकाश जाऊन या. बाबांना कन्नड येत नाही, पण हे वाक्य त्यांनी नातवाकडून पाठ करून घेतले आहे.

परवा त्यांनी शेवटची शंका विचारली, "त्या भट्टांच्या घराशी थांबायची वेळ आली तर सावली आहे ना?"

"आहे."

"मग मी पांढुर्ण्याहून तिकीट काढतो."