उलटी म्हण

‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण खरं तर अपराधी मनाबद्दलची. पण वयात येणाऱ्या मुलीचं वजन चार-सहा महिन्यांत भराभर वाढलं, की ती शब्दशः लावली जाते, आणि तीही उलटी: खवखवतंय ना, मग खाल्लंच असणार. कच्चट राहिलेल्या सुरणानं घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा सर्दीनंही खवखवतो, आणि तेव्हा सुरणाची चौकशी कुणी करत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र ताटाचीच झडती होते. थायरॉइड मंदावली की वजन वाढतं, त्यात बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा नि मिठाचा असतो. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या कित्येक मुलींच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा उमटतो. ती रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण. घरी तिला मळ समजून मान लाल होईस्तोवर घासतात.

यावर डॉक्टर म्हणतील की वजनामागे ग्रंथींचा आजार मुलांमध्ये क्वचितच सापडतो, आणि ते खरंच आहे. सरसकट सोनोग्राफीही चूक: पाळी सुरू झाल्यावर आठ वर्षं तरी सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलं. पण दाराच्या चौकटीवरची उंचीची रेघ फुकटची आहे. नुसत्या खाण्यानं वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. थायरॉइडच्या किंवा कुशिंगच्या (कॉर्टिसोल वाढण्याच्या) आजारात वजन चढतं नि उंची रेंगाळते. अर्थात, वाढ संपत आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दल ती रेघही मुकीच. तिथे पाळीच्या तारखा विचाराव्या लागतात, रक्त तपासावं लागतं.

पण आजार सापडला म्हणून एक मुलगी सुटली, तर बाकीच्या सगळ्या दोषी ठरतात का? १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांना दोन चुलत भावंडांत लेप्टिन हे संप्रेरक जवळजवळ नसल्याचं आढळलं. अतिशय दुर्मीळ गोष्ट. ती मुलं खात होती, भरपूर खात होती. म्हण त्यांना सुलटीही लागू पडली असती. पुढे त्यांतल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि समोर अन्न असूनही तिचं खाणं कमी झालं. मग आधी खात होतं ते कोण?