१२० तास

फेब्रुवारीत दोन दिवसांसाठी गावी गेलो होतो. बिद्रीला. कारखान्याचा सीझन चालू, रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत तो मळीचा वास (बाहेरच्यांना नको वाटतो, मला घरी आल्यासारखं वाटतं). चहा पिऊन जरा आडवा होणार तेवढ्यात भाची लॅपटॉप घेऊन आली. ही आजोळी, म्हणजे आमच्याच घरी राहून बी. कॉम. करते. शेवटचं वर्ष.

"मामा, तेवढं एक्सेल करून द्या की वो. सोमवारी द्यायचंय."

तर प्रकरण असं की, नव्या शैक्षणिक धोरणात पोरांना इंटर्नशिप करावी लागते. हिची चार क्रेडिटची. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२०. ही गारगोटीला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जात होती. कॉलेजला रोजचा तक्ता द्यायचा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम, सही. बाईसाहेबांनी महिनाभर एक ओळ लिहिली नव्हती. तक्त्याच्या कोऱ्या पानांवर साहेबांच्या सह्या मात्र आधीच होत्या!

"गेलीस किती दिवस?"

"मी जातो की रोज. म्हंजे... मधी लग्न होतं, मग ताप आलता." (आमच्याकडं पोरी जातो-येतोच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

आता इथं मी मामा म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. पण इंजिनिअर जागा झाला. १२ जानेवारी टाकून खाली ओढलं, ३१ पर्यंत बरोब्बर वीस दिवस. येण्याच्या वेळेला रँडबिटविन लावलं, म्हणजे रोज दहाला पाच मिनिटं इकडं तिकडं. जाण्याच्या वेळा अशा जुळवल्या की बेरीज १२०.०० आली पाहिजे. दहा मिनिटांत काम खल्लास. भाची खूश, मी त्याहून खूश. खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी मी माझी टाईमशीट अशीच भरतोय. आठ, आठ, आठ, आठ, आठ, सबमिट. कधी बारा तास बसलो तरी आठ, आणि कधी दिवसभर नुसतं मीटिंगमध्ये म्यूटवर असलो तरी आठच.

आबा शेजारी पेपर वाचत होते. आबा कारखान्याच्या टाईम ऑफिसातून रिटायर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिल्या. चष्मा सारखा करून त्यांनी स्क्रीनकडं बघितलं.

"रविवारी बी गेलीया व्हय ही?"

मी गप्प.

"आन् २६ जानेवारीला? झेंड्याला तर हितं शाळंत माझ्यासंगं हुती."

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. नारायण मेघाजी लोखंड्यांना त्यासाठी काही वर्षं झगडावं लागलं. मी ती माऊसनं ओढून काढून घेतली.

"मस्टर त्या दिवशीचा त्याच दिवशी लिवायचा," आबा म्हणाले. "मागनं लिवल्याला मस्टर म्हंजे कादंबरी." आणि परत पेपरात.

भाचीचा चेहरा पडला. मलाही कसंसंच झालं. मग म्हटलं, बघू तरी खरं किती होतंय. पण पुरावा काय? तर पुरावा निघाला पर्समध्ये. हिचा पास कॉलेजच्या रूटचा, गारगोटीला चालत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण तिकीट फाडतातच, आणि त्यावर तारीख-वेळ छापलेली असते. आईला पैशांचा हिशोब द्यायचा म्हणून हिनं सगळी जपून ठेवलेली. काही फिकी पडलेली, ती खिडकीत धरून वाचली. दुपारभर जमिनीवर तिकिटं मांडून बसलो आम्ही. आजी दोनदा ओरडली, केर काढायचाय म्हणून.

एकूण सतरा दिवस निघाले. त्यातल्या पंधरा दिवसांची जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं, त्यांचे ८४ तास. सकाळी ट्रॉल्यांत अडकून उशीर झालेला बऱ्याचदा दिसत होता. पण दोन दिवसांचं येतानाचं तिकीटच नाही. २० जानेवारी आणि ११ फेब्रुवारी.

"त्या दिवशी जीएसटीची शेवटची तारीख हुती. रात्री आठ वाजले. मॅडमनी गाडीवरनं सोडलं."

हे तिनं कुठंच धरलं नव्हतं! तिच्या डोक्यात एकच, 'रोजचे सहा'. त्या दोन दिवसांचे साडेएकोणीस तास झाले. एकूण १०३.५. म्हणजे साडेसोळा कमी. पण हे साडेएकशेतीन तिचे स्वतःचे होते, आणि कुणी काही विचारलं असतं तर एकेका दिवशी काय केलं ते तिला सांगता येत होतं. माझ्या १२० मधल्या एकाही तासाबद्दल ते सांगता आलं नसतं.

सोमवारी तिनं कॉलेजात आठवड्याची मुदत मागितली. रागावले, पण दिली. ऑफिसातल्या साहेबांना सांगताना म्हणे पाय लटपटत होते. ते म्हणाले, "अजून यायचंय? ये की. वीस तारीख आलीच." पुढचे तीन दिवस तिनं व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं पोर्टलवरच्या दोन-बीशी जुळवली. 'केलेले काम' या रकान्यात आधी मी सगळीकडं 'डेटा एंट्री' कॉपी-पेस्ट केलं होतं. आता तिथं तिनं कुठल्या महिन्याची किती बिलं जुळली नाहीत आणि का, हे लिहिलं.

मी तोवर पुण्याला परतलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी टाईमशीट उघडून बसलो होतो, मंगळवारी नक्की काय केलं ते आठवत, तेवढ्यात तिचा फोन.

"मामा, १२१ झाले. एक तास जास्तीचा कुठं लिहू?"

मागून आबांचा आवाज आला. "ओव्हरटाईम म्हणावं. डबल लागतो."