न्यू हेवन येथील पदवीदान

मद्रासचा एक गव्हर्नर आणि अमेरिकेतील एक विद्यापीठ यांचा संबंध काय, असे कोणी विचारले असते तर दोन वर्षांपूर्वी आम्हांस उत्तर देता आले नसते. एलायहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील किल्ल्याचा १६८७ ते १६९२ या काळातील गव्हर्नर. १७१८ साली त्याने कनेक्टिकटमधील एका लहानशा विद्यालयास मालाच्या नऊ गासड्या, चारशेवर पुस्तके आणि राजाची एक तसबीर पाठविली. त्या गासड्या विकून आलेल्या पैशांवर इमारत उभी राहिली आणि विद्यालयास त्याचे नाव मिळाले. हिंदुस्थानच्या व्यापारातील पैसा असा तिकडे गेला. गुलामांच्या व्यापाराशीही येलचा संबंध होता, आणि गुलामगिरीशी जडलेल्या आपल्या पूर्वेतिहासाबद्दल विद्यापीठाने २०२४ साली जाहीर क्षमा मागितली. मागावयासच हवी होती.

या येल विद्यापीठाच्या ईश्वरविद्येच्या शाखेत आमची कन्या तीन वर्षे शिकत होती. तिच्या पदवीदानासाठी मे महिन्यात आम्ही उभयता न्यू हेवनला गेलो. कर्नाटकातील शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते, म्हणून रजेचा प्रश्न आला नाही. आमच्यावर सोपविलेले काम मात्र एकच होते: समारंभात दोन मुले सांभाळणे. नात सहा वर्षांची आणि नातू साडेतीन वर्षांचा. अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा हा नातू रांगतही नव्हता. रात्रपाळी करणारा आमचा जावई आणि दिवसा वर्गात बसणारी मुलगी यांनी ती तीन वर्षे कशी काढली हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

गाव देखणे आहे. १६३८ साली प्युरिटन लोकांनी ते वसविले, तेव्हा नऊ चौकांची आखणी करून मधला चौक मोकळा ठेवला. तो अद्याप मोकळा आहे. त्याला ग्रीन म्हणतात. त्यावर तीन चर्चे एका रांगेत उभी आहेत आणि तिन्ही १८१२ ते १८१६ या अवघ्या चार वर्षांत बांधलेली. मधल्या चर्चच्या तळघरात जुन्या थडग्यांचे दगड जसेच्या तसे राखून ठेवले आहेत. चर्च कबरस्तानावरच बांधले गेले. मुलांना तिथे नेऊ नये असे सौभाग्यवतींचे मत पडले, आणि तेच योग्य होते.

१८१२ हे साल आम्हांस त्या चौकात उभे असताना सोडीना. त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी रोजी, मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे पाच तरुणांना धर्मसेवेची दीक्षा देऊन पूर्वेकडे पाठविण्यात आले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे कंपनी सरकारचा विरोध सोशीत १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. अमेरिकन मराठी मिशन म्हणतात त्याची ही सुरुवात. त्यांच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तके निघू लागली आणि १८२६ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापून झाला. निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनी अक्षरांचे काम ज्या छापखान्यात पाहिले तो हाच. आमच्या बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी, ज्यांच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटना'वाचून मराठी कादंबरीचा इतिहास सुरूच होत नाही, तेही याच मिशनऱ्यांच्या काळातले. हॉल आणि नॉट ज्या अँडोव्हर येथील विद्यालयात शिकले ते पुढे न्यूटनच्या विद्यालयात मिळाले, आणि २०१७ पासून ती संयुक्त संस्था येलच्या ईश्वरविद्या शाखेचाच भाग आहे. आमची मुलगी त्याच अँडोव्हर न्यूटनची विद्यार्थिनी. मराठी शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसास याचे अप्रूप वाटले तर वाचक समजून घेतील.

या इतिहासाची दुसरी बाजूही मनात येत होती. त्या पहिल्या तुकडीतील हॅरिएट न्यूएल ही मुलगी सेलमहून निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. कलकत्त्याहून हुसकावून लावल्यावर समुद्रात तिला मूल झाले, ते काही दिवसांतच गेले, आणि त्याच वर्षी मॉरिशस बेटावर तीही गेली. हॉलच्या पत्नीने १८२५ साली दोन मुलांना घेऊन मुंबई सोडली. त्यांतले एक वाटेतच दगावले. पुढच्या वर्षी हॉल स्वतः पटकीने वारले. धर्मसेवेच्या चरित्रांत मुलांना फारशी जागा मिळत नाही. आमच्या शेजारी दोन मुले चिरमुरे खात बसली होती म्हणूनच हे एवढे सुचले.

शाखेची वास्तू १९३२ सालची: लाल विटांची, मध्ये लांबट हिरवळ, टोकाला पांढऱ्या मनोऱ्याचे मार्क्वँड चॅपेल. खुर्च्या उघड्यावर मांडल्या होत्या. सकाळी विद्यापीठाचा मोठा समारंभ झाला होता. हा दुपारचा घरगुती म्हणावा असा. काळे झगे, त्यांना ईश्वरविद्येची शेंदरी पट्टी, आणि काही गमत्या विद्यार्थ्यांनी टोपीवर चक्क तारेची प्रभावळ लावलेली. नातवाने ती मागितली. न मिळाल्याने रडला, आजीच्या मांडीवर झोपला, आणि आईचे नाव पुकारले गेले तेव्हा गाढ झोपेत होता. त्यास उठवू, असे आम्ही म्हणालो. "झोपू द्या हो, त्याला आई रोज दिसते," असे उत्तर मिळाले. नात मात्र खुर्चीवर उभी राहिली आणि "आई, इकडे बघ!" असे मराठीत ओरडली. व्यासपीठावरून मुलीने बघितले.

ती आता बेळगावास परत येईल, असे आम्ही मनाशी धरून चाललो होतो. त्या रात्री मुले निजल्यावर तिने सांगितले की एका इस्पितळात वर्षभर उमेदवारी मिळाली आहे. रुग्णांच्या आणि मरणोन्मुखांच्या जवळ बसावयाचे, त्यांना हवी असल्यास प्रार्थना करावयाची, नको असल्यास नुसते बसावयाचे. "आणि वर्षानंतर?" आम्ही विचारले. "बाबा, ते अजून कुणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली. सौभाग्यवती काही न बोलता मुलांचे कपडे घडी करीत राहिल्या. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "पोरांचं मराठी तेवढं जाऊ देऊ नकोस."

शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी आम्ही परतलो. येताना अंकलिपी तिकडे ठेवून आलो. दर रविवारी इकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे शनिवारच्या रात्रीचे नऊ. त्या वेळी नात दूरध्वनीवर एक पान वाचून दाखविते. सध्या 'ढ'पर्यंत मजल गेली आहे. त्या अक्षराचा शाळेतला दुसरा अर्थ आम्ही तिला अद्याप सांगितलेला नाही.