‘बॉय’ हे संबोधन

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० सालची कादंबरी आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना वाचली, ती ॲटिकस फिंच या वकिलासाठी. तरुणीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. आणि आरोपी टॉम रॉबिन्सनचा डावा हातच निकामी! तरीही गोऱ्या ज्यूरीने त्या कृष्णवर्णीयास दोषी ठरवले, याचा तेव्हा संताप आला.

पन्नाशीनंतरच्या वाचनात मन अडले ते डिल या लहान मुलाच्या रडण्यापाशी. २५ वर्षांच्या, तीन मुलांच्या बापाला सरकारी वकील उलटतपासणीत सारखे ‘बॉय’ म्हणतो. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच. त्यामुळे तुच्छता अशी संबोधनात भरावी लागते. डिलला ते ऐकवत नाही. स्काउट त्याला समजावते की उलटतपासणी अशीच असते; शिवाय तो निग्रोच ना! ही ॲटिकसची लेक. तिची निरागसता निकालाआधीच उणावलेली होती.

साक्षीदाराचे कपडे पाहून आम्हीही ‘तुम्ही’चे ‘तू’ केले आहे. कोणी हरकत घेतली नाही. साक्ष सहसा निवेदनरूपाने लिहिली जाते. प्रश्नातला तो ‘तू’ नोंदीत उतरतच नाही.